घरचा ऑक्सिजन आणि बायपॅप : किती, कसा आणि कुठे चुकतं

श्वासमात्रा

डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते, ‘ओटू (म्हणजे ऑक्सिजन) २ लि., रात्री बायपॅप’, आणि तिच्याबरोबर दोन खोकी घरी येतात. एकात पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन), दुसऱ्यात बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन). मशीन आणून देणारा मुलगा दहा मिनिटांत बटणं दाखवून निघून जातो, पुढचं घरच्यांनी निभवायचं. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा. आकडे समजून घेण्यासाठी आहेत. आपल्या पेशंटचे आकडे डॉक्टरच ठरवणार.

फुप्फुसांची कामं दोन : ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसतं सीओटू) बाहेर टाकणं. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ६० मिमी (पाऱ्याच्या) खाली गेला आणि सीओटू ठीक असला तर तो टाइप १ रेस्पिरेटरी फेल्युअर : न्यूमोनिया, फुप्फुसात पाणी, आयएलडी (फुप्फुसं कडक होत जाणारे आजार). सीओटू ४५ च्या वर चढला की टाइप २ : सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार), पाठीला मोठा बाक, खूप लठ्ठपणा, स्नायूंचे आजार. आपल्याकडे सीओपीडी म्हटलं की लोक विडी आठवतात, पण जन्मात विडी न ओढलेल्या, चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकाही यात भरपूर असतात. जुन्या टीबीनंतर फुप्फुसं आकसलेलेही.

नाकातली नळी फक्त पहिल्या कामाला मदत करते. सीओटू बाहेर काढायचा तर हवेची ये-जा वाढायला हवी, आणि ते काम बायपॅपचं. बोटावरचा ऑक्सिमीटर पहिल्याच विषयाचे मार्क देतो. दुसऱ्यात नापास झालेला पेशंटही त्यावर ९७ दाखवत असतो.

म्हणून सीओटू साठण्याची शक्यता असलेल्यांचं सॅच्युरेशनचं (ऑक्सिमीटरवरच्या टक्क्यांचं) लक्ष्य ८८ ते ९२. बाकीच्यांचं साधारण ९४ ते ९८. सीओपीडीच्या पेशंटचं सॅच्युरेशन ९० दिसलं की घरातलं कोणीतरी हमखास उठून ऑक्सिजनचा काटा २ लिटरवरून ४ वर नेतं. या धाग्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही, की तो काटा तिथेच राहू द्या.

रात्रपाळी

चांगला विषय. वॉर्डात आणि घरी दिसणाऱ्या साधनांची माहिती जोडते.

नेझल प्राँग्ज (नाकातली नळी) : मिनिटाला १ ते ६ लिटर. ढोबळ हिशेब असा की साध्या हवेतले २१ टक्के, वर दर लिटरमागे सुमारे ४ टक्के. २ लिटरवर साधारण २८-२९. ‘साधारण’ म्हणायचं कारण, पेशंट धापा टाकत असेल तर तो मिनिटाला ३० लिटरहून जास्त हवा ओढतो, त्यात तुमचे २ लिटर पातळ होऊन जातात. शांत झोपलेल्या माणसाला तेच २ लिटर जास्त पडतात.

साधा मास्क : ५ लिटरच्या खाली कधीच नाही. सोडलेला श्वास मास्कमध्येच घुटमळतो आणि पेशंट आपलाच सीओटू परत ओढतो. घरी ‘नळी टोचते’ म्हणून मास्क लावून २ लिटरवर ठेवलेला आढळतो. अगदी चूक.

व्हेंच्युरी मास्क : सीओपीडीसाठी सगळ्यात इमानदार साधन. रंगीत तोंड्यातून ऑक्सिजन जोरात जातो आणि बाजूच्या खाचांतून ठरलेल्या प्रमाणात हवा ओढतो, त्यामुळे पेशंट कसाही श्वास घेवो, टक्के फारसे हलत नाहीत. निळं २४ टक्के (२ लिटर), पांढरं २८ (४), पिवळं ३५ (८), लाल ४० (१०), हिरवं ६० (१५). कंपनीगणिक रंग बदलू शकतो, तोंड्यावर छापलेला आकडाच वाचायचा. मात्र पांघरूण त्या खाचांवर आलं की सगळा हिशेब बिघडतो. थंडीत हे फार होतं.

पिशवीवाला मास्क, म्हणजे नॉन-रिब्रीदर : १० ते १५ लिटर, पिशवी आधी बोटाने झडप दाबून फुगवायची, मग चेहऱ्यावर. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी आहे. पाच लिटरच्या मशीनला हा मास्क जोडणं म्हणजे पिशवी शोभेला लावणं.

कोकणकडा

श्वासमात्रा, एक शंका. सीओपीडीवाल्यांचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवर चालतो, ऑक्सिजन दिला की मेंदू श्वास घ्यायचंच थांबवतो, असं ऐकत आलो आहे. मग ८८ वर तरी द्यायचा कशाला?

श्वासमात्रा

हे अर्धसत्य अजूनही शिकवलं जातं. श्वासाची ओढ थोडी कमी होते हे खरं, पण सीओटू चढण्याचा मोठा भाग दुसरीकडून येतो.

फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात. शरीर म्हणतं, तिथे हवाच नाही तर रक्त कशाला वाया घालवू? जास्तीचा ऑक्सिजन मिळाला की त्या परत उघडतात. चांगल्या भागाचं रक्त या निकामी भागाकडे वळतं आणि तिथे सीओटू बाहेर टाकला जात नाही. दुसरं, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की त्याने धरून ठेवलेला सीओटू सुटतो आणि रक्तात दाब वाढतो. निरोगी माणूस दोन श्वास जास्त घेऊन तो बाहेर टाकेल. ज्याची छाती आधीच थकली आहे तो टाकू शकत नाही.

ऑक्सिजन बंद करणं हा याच्यावरचा उपाय नव्हेच. ८० वर माणूस ठेवणं हे सीओटूपेक्षा लवकर मारतं. २०१० मध्ये टास्मानियातला अभ्यास प्रसिद्ध झाला. अँब्युलन्समध्ये सरसकट जास्त ऑक्सिजन विरुद्ध ८८ ते ९२ धरून मोजून दिलेला, अशी तुलना होती. पक्कं सीओपीडी असलेल्यांत मृत्यू ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. मोजूनच दिला, पण दिला.

आणि सीओटू चढल्याचं कळल्यावर ऑक्सिजन झटक्यात काढू नका. साठलेला सीओटू जायला वेळ लागतो, ऑक्सिजन मात्र मिनिटांत खाली येतो, आधीपेक्षाही खाली. हळूहळू कमी करत ८८ ते ९२ मध्ये आणायचा.

पाना_आणि_वॉशर

मशीन आणि सिलिंडरवर मी लिहितो.

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन ‘बनवत’ नाही. खोलीतली हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांतून नेतो, खडे नायट्रोजन धरून ठेवतात, उरतो तो ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन (तीन टक्के इकडे-तिकडे). दोन नळकांडी असतात, एक काम करतं तेव्हा दुसरं धरलेला नायट्रोजन फुस्सकन सोडतं. तोच तो ठरावीक वेळाने येणारा आवाज. तो थांबला तर काळजी करायची, येत असेल तर नाही.

बिघाडाची कारणं ठरलेली. मागची जाळी धुळीने बुजणं (स्पंज फिल्टर आठवड्याला साध्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून बसवायचा, ओला बसवला तर खडे खराब). भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवणं (चारी बाजूंनी फूटभर जागा सोडा). आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद ठेवणं : दमट हवेने खडे पाणी पितात, मग नायट्रोजन धरत नाहीत. बंद असलेलं मशीन महिन्यातून एकदा तरी काही तास चालवावं. फ्लोमीटरवर ५ दिसतात म्हणजे ऑक्सिजन ५ लिटर असं नाही, ती फक्त वाहणारी हवा. टक्के मोजायला अ‍ॅनालायझर लागतो, तो सर्व्हिसवाल्याकडे असतो, वर्षातून एकदा तरी मोजून घ्या. पिवळा दिवा लागला की प्युरिटी घसरली असं समजायचं.

फ्लोमीटर वाचताना गोळीचा मध्य रेषेवर हवा, आणि डोळा गोळीच्या समोर. उभ्याने वरून बघून लावला की अर्ध्या लिटरचा फरक सहज.

‘मशीन चालू आहे पण नाकात काही येत नाही’ हा सगळ्यात जास्त येणारा फोन. दहातल्या आठ वेळा दोष बुडबुड्याच्या बाटलीचा (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा) असतो. झाकण आट्यांवर तिरकं बसलेलं असतं आणि हवा तिथूनच निघून जाते. तपासायची पद्धत : बाटलीच्या पुढची नळी चिमटीत घट्ट दाबा. बाटलीची झडप शिट्टी मारायला लागली तर मागचं सगळं ठीक, दोष पुढच्या नळीत. शिट्टी नाही आली तर झाकण काढून सरळ बसवा. प्राँग्जची टोकं वाटीभर पाण्यात बुडवली की बुडबुडे दिसतात, सगळ्यांत सोपी खात्री. बुडवून झाल्यावर पुसायला विसरू नका.

रात्रपाळी

बाटलीबद्दल अजून एक. ४ लिटरच्या खाली बाटली लागतेच असं नाही. नाक त्याची काळजी घेतं. बाटली लावायचीच तर डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, खुणांच्या मध्ये, आणि रोज बदलायचं. वर नुसती भर घालत राहायचं नाही. आठवडाभर तेच पाणी म्हणजे छातीत जंतूंचा वाफारा.

हिशेबनीस

पाना_आणि_वॉशर, सिलिंडर किती तास पुरतो ते लिहा ना. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मशीन चालतं का?

पाना_आणि_वॉशर

सूत्र एकच : सिलिंडरची पाण्याची क्षमता (लिटर) गुणिले गेजवरचा दाब. घरी येतो तो बी टाइप, १० लिटरचा. भरलेला असताना गेज १५० च्या आसपास, म्हणजे १५०० लिटर. २ लिटरने ७५० मिनिटं, साडेबारा तास. जंबो म्हणजे डी टाइप, ४६.७ लिटर, सुमारे ७००० लिटर, २ लिटरने ५८ तास. काटा ७५ वर आला की बी टाइपमध्ये ७५० लिटर, सव्वासहा तास. शेवटचे दहा टक्के हिशेबात धरूच नका. सिलिंडर रिकामा होईपर्यंत वापरायची सवय वाईट, रात्री तीनला दुकान उघडं नसतं.

बसवण्याचा क्रम : सिलिंडर उभा, साखळीने किंवा स्टँडमध्ये बांधलेला. एफए व्हॉल्व्ह (फ्लोमीटरवाला रेग्युलेटर) लावण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करायचा, तोंड माणसापासून लांब. आतली धूळ उडते. मग एफए हाताने बसवून पान्याने घट्ट, पण पान्यावर पाय देऊन नाही. फ्लोची कळ बंद ठेवून मुख्य व्हॉल्व्ह हळू उघडायचा. सुसू आवाज आला तर व्हॉल्व्ह बंद करून वॉशर बघा. आटे नीट बसत नाहीत म्हणून तेल, ग्रीस, खोबरेल काहीही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःहून पेट घेतं. खोबरेल चोपडलेल्या हातांनीही नाही. बंद करताना आधी मुख्य व्हॉल्व्ह, काटा शून्यावर आला की मग फ्लोची कळ.

इन्व्हर्टर : पाच लिटरचं मशीन ३०० ते ४०० वॅट खातं. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हाती ११०० ते १२०० येतात. म्हणजे तीन तास, तेही पंखे आणि टीव्ही बंद ठेवून. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, चौकोनी लहरीवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो. सुरू होताना मोटर झटका मारते म्हणून १००० व्हीएच्या खाली जाऊ नये. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर.

बायपॅप गरम पाण्याच्या टाकीशिवाय जेमतेम ३० ते ६० वॅट. टाकी चालू केली की खर्च दुपटीच्याही वर. लाइट गेल्यावर आधी टाकी बंद करा, बायपॅप रात्रभर चालेल. ऑक्सिजन तेवढा वेळ सिलिंडरवर.

अवांतर : १५ तास रोज ३५० वॅट म्हणजे सव्वापाच युनिट, महिन्याला १५० च्या वर. बिल बघून दचकू नये म्हणून आधीच सांगितलं.

आयपॅप_ईपॅप

आता बायपॅपकडे येऊ.

मशीन दोन दाब देतं. श्वास घेताना मोठा (आयपॅप), सोडताना लहान (ईपॅप). दोघांमधला फरक हीच खरी मदत. तोच छाती फुगवतो आणि सीओटू काढतो. ईपॅप श्वासनळ्या उघड्या ठेवतो. सीपॅपमध्ये एकच दाब, फरक शून्य. म्हणून घोरण्यासाठी विकलं जाणारं ऑटो-सीपॅप टाइप २ च्या सीओपीडीला ‘तेच आहे, स्वस्तात आहे’ म्हणून गळ्यात मारलं जातं तेव्हा विकणाऱ्याला माहीत नसतं किंवा घेणाऱ्याला. एसटी मोडचं, म्हणजे बॅकअप श्वास असलेलं बायपॅप मागा.

सीओपीडीच्या तीव्र अटॅकमध्ये (दम एकदम वाढतो तेव्हा), रक्ताचा पीएच (कमी म्हणजे रक्त जास्त आम्ल) ७.३५ च्या खाली आणि सीओटू वर, अशा वेळी बायपॅप हा दवाखान्यातला पहिला उपाय. औषधं तर चालूच. १९९५ चा ब्रोशार यांचा आणि २००० चा प्लांट यांचा, हे दोन अभ्यास गाजलेले : व्हेंटिलेटरसाठी गळ्यात नळी घालायची वेळ बऱ्याच जणांची टळली. सुरुवात आयपॅप १० ते १५, ईपॅप ४ ते ५ सेंमी पाण्याच्या दाबाने, आणि पुढच्या अर्ध्या तासात आयपॅप पायरीपायरीने २० किंवा त्याच्याही वर. चूक होते ती इथेच : १० वर ठेवून ‘बायपॅप लावला होता, उपयोग झाला नाही’. १० आणि ५ मध्ये फरक फक्त ५ आहे, थकलेल्या छातीला तेवढ्याने काय होणार? दर श्वासाला आदर्श वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिलि हवा जायला हवी, ६० किलोला ३६० ते ४८०. मशीनच्या पडद्यावर ती दिसते.

एक तासाने एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू आणि पीएच यांची तपासणी). श्वासाचा वेग उतरला, पीएच वर चढला तर बरोबर चाललंय. पीएच ७.२५ च्या खालीच अडकला, पेशंट पेंगत चालला, तर नळी घालायचा निर्णय लांबवू नये. आणि उलट्या होत असतील, कफ गिळता-थुंकता येत नसेल, फुप्फुसाबाहेर छातीत हवा शिरलेली असेल आणि ती काढायला छातीत नळी घातलेली नसेल, चेहऱ्याला मोठी इजा असेल, तर मास्क लावूच नये. भरल्या पोटी उलटीवर मास्क म्हणजे सगळं फुप्फुसात.

वाचनमात्र

घरी मास्क लावताना पेशंट झटापट करतो, ‘गुदमरतंय’ म्हणतो. काय करायचं?

रात्रपाळी

पट्टे बांधून मग मशीन चालू केलं की असंच होणार. क्रम उलटा करा. पेशंटला उशीला टेकवून निम्मं बसवा. मशीन चालू करा. मास्क आधी हातात धरून नाकाशी न्या, वारा लागू दे, बोलत राहा, ‘नाकाने घे, तोंड मिटून सोड’. पाच-सात श्वास जुळले की चेहऱ्यावर टेकवा, पट्टे न लावता, हात तुमचाच. लय लागली की आधी खालचे पट्टे, मग वरचे. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. गळती थांबत नाही म्हणून पट्टे आवळत जाणं हा जगभरातला मोह, आणि त्याचं बक्षीस तिसऱ्या दिवशी नाकाच्या हाडावर लाल डाग आणि मग जखम. गळती असेल तर मास्क चेहऱ्यापासून उचलून, मास्कच्या कडेची मऊ उशी फुगू देऊन परत टेकवा. तरी थांबली नाही तर माप चुकलंय.

कवळी असेल तर काढू नका. गाल आत जातात आणि मास्क सैल होतो. मिशी-दाढीतून गळती होते. डोळे लाल होत असतील तर वारा नाकाच्या वरून डोळ्यांत जातोय. पोट फुगत असेल तर आयपॅप फार जास्त किंवा पेशंट हवा गिळतोय, डॉक्टरांना कळवा. नाकावर लालसर झालं की हायड्रोकोलॉइडची पट्टी लावा आणि मधूनमधून दुसऱ्या आकाराचा मास्क वापरा.

नळीत पाणी साठून गुडगुड आवाज येतो तो हिवाळ्यात. मशीन पलंगाच्या खालच्या उंचीवर ठेवा म्हणजे पाणी मास्ककडे न जाता टाकीत परत येईल, आणि नळीवर कापड गुंडाळा.

आयपॅप_ईपॅप

मास्कबद्दल एक जीवघेणी गोष्ट राहिली.

बायपॅपला एकच नळी असते. त्याच नळीतून हवा येते, मग सोडलेला श्वास जातो कुठे? मास्कच्या कोपऱ्यावर बारीक भोकं असतात, तिथून. अशा मास्कला व्हेंटेड म्हणतात. दुसरा नॉन-व्हेंटेड, भोकं नसलेला, आयसीयूतल्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरसाठी. बहुतेक कंपन्यांत त्याचा कोपरा निळा असतो. घरच्या एकेरी नळीला निळ्या कोपऱ्याचा मास्क जोडला आणि मध्ये गळतीची जोड नसेल, तर पेशंट रात्रभर स्वतःचाच सीओटू ओढतो. दवाखान्यातून येताना आयसीयूतला मास्क ‘नवाच आहे’ म्हणून पिशवीत टाकला जातो, हा रस्ता नेहमीचा.

तपास : मशीन चालू असताना तळहात मास्कच्या कोपऱ्याजवळ धरा. वाऱ्याचा बारीक झोत सतत लागला पाहिजे. तो ‘लिकेज’ नाही, तो मुद्दाम ठेवलेला रस्ता आहे. आवाज येतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावू नका, पांघरूण येऊ देऊ नका. याच कारणाने ईपॅप ४ च्या खाली नेत नाहीत; तेवढा दाब नसेल तर भोकांतून श्वास पूर्ण धुतला जात नाही.

लाइट गेली तर व्हेंटेड मास्कमध्ये बहुधा एक पडदा उघडून बाहेरची हवा येऊ देतो. तरी मास्क लगेच काढा. जो पेशंट स्वतःच्या हाताने मास्क काढू शकत नाही त्याच्याजवळ माणूस आणि बॅटरी दोन्ही हवी.

पाना_आणि_वॉशर

बायपॅपमध्ये ऑक्सिजन कुठे जोडायचा हा प्रश्न हमखास येतो म्हणून लिहितो. मशीनच्या तोंडाशी छोटी प्लास्टिकची जोड (ऑक्सिजन अ‍ॅडॅप्टर) बसते, तिच्या बाजूच्या नळीला कॉन्सन्ट्रेटरची नळी. चालू करताना आधी बायपॅप, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग बायपॅप. उलटं केलं तर बंद मशीनच्या पोटात ऑक्सिजन साठतो आणि आत विजेचे भाग असतात. बायपॅपचा वारा जोराचा असल्याने २ लिटर इथे आणखी पातळ होतात, म्हणून नळीवरचा आकडा मास्कवर जसाच्या तसा लागू नाही. सॅच्युरेशन बघून डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

श्वासमात्रा

हाय फ्लो नेझल कॅन्युलाबद्दल (नाकातून खूप जोराने ऑक्सिजन देणारं साधन) दोन ओळी, कारण २०२१ नंतर नाव सगळ्यांना माहीत झालं. गरम, ओलसर, मिनिटाला ६० लिटरपर्यंत. टाइप १ ला उत्तम. यश मिळतंय का हे बघायला रॉक्स इंडेक्स : सॅच्युरेशन भागिले दिलेला ऑक्सिजन (दशांशात), भागिले श्वासाचा वेग. उदाहरणार्थ ९२, ०.६ आणि ३० : ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३, भागिले ३० म्हणजे ५.१. न्यूमोनियात ४.८८ किंवा वर राहिला तर नळी लागण्याची शक्यता कमी. घरचं साधन नाही, ऑक्सिजन भरमसाट पितं.

हिशेबनीस

१५ तास कुठून आले? पेशंट म्हणतो दम लागला की तासभर लावतो, पुरे.

श्वासमात्रा

पुरत नाही. १९८० चा अमेरिकेतला आणि १९८१ चा ब्रिटनचा, या दोन अभ्यासांवर सगळं उभं आहे. ब्रिटनच्या अभ्यासात रोज १५ तास ऑक्सिजन घेणारे जास्त जगले, अमेरिकेच्या अभ्यासात जवळपास दिवसभर घेणारे रात्रीपुरतं घेणाऱ्यांपेक्षा जास्त. तासभर लावून छातीला बरं वाटेल, आयुष्य वाढत नाही. झोपेचे आठ तास, वर दुपार, टीव्ही, जेवण मिळून १५ होतात. नळी १५ मीटरपर्यंत लांब चालते, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाता येतं. (दारापर्यंतच. का ते खाली येईल.)

पात्रता : स्थिर असताना धमनीतला दाब ५५ किंवा खाली, सॅच्युरेशन ८८ किंवा खाली, पाय सुजलेले किंवा हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असेल तर दाब ५९ पर्यंत. ८९ ते ९३ वाल्यांना आयुष्य किंवा दवाखान्याच्या फेऱ्यांत फायदा दिसला नाही, २०१६ चा अमेरिकेतला अभ्यास. आणि डिस्चार्जच्या वेळी लावलेला ऑक्सिजन जन्मठेप नाही. दोन-तीन महिन्यांनी एबीजी परत करा, बऱ्याच जणांचा सुटतो.

घरच्या बायपॅपचंही तसंच. अटॅक ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी सीओटू ५३ च्या वरच राहिला त्यांना ऑक्सिजनबरोबर बायपॅप दिला तर परत भरती व्हायला किंवा मृत्यूला साधारण ४.३ महिने लागले, नुसत्या ऑक्सिजनवर १.४. ब्रिटनमधला २०१७ चा अभ्यास. आयपॅप तिथे २४ च्या आसपास होता. नाजूकपणे १२ वर ठेवलेल्या मशीनकडून हा निकाल मागू नये.

कोकणकडा

ऑक्सिमीटर दर दोन मिनिटांनी वेगळा आकडा दाखवतो. कुठला धरायचा?

रात्रपाळी

हात गरम करा, बोट स्थिर, अर्धा-एक मिनिट थांबा, लहर एकसारखी झाली की वाचा. नेलपॉलिश काढा, गडद मेंदीचं बोट टाळा. २ ते ३ टक्क्यांचा फरक यंत्रातच असतो. सावळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे २०२० च्या अमेरिकेतल्या अभ्यासाने परत समोर आणलं. आकड्यापेक्षा पेशंट बघा : सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, हात पुढे करून पंजे वर धरले की फडफडणं, असंबद्ध बोलणं. ही सीओटूची लक्षणं, सॅच्युरेशन ९५ असलं तरी. काटा वाढवू नका, बायपॅप असेल तर लावा आणि १०८ बोलवा. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी तर अजिबात नाही.

नेब्युलायझरबद्दलही : सीओपीडीला तो कॉम्प्रेसरच्या हवेवर द्यायचा, नाकात नळी तशीच ठेवून. ऑक्सिजनवरच द्यावा लागला तर ६ मिनिटांत आटपायचा. वॉर्डात ८ लिटरवर लावून सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे जातात आणि मास्क अर्धा तास तसाच.

वाचनमात्र

स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच का? आणि देवघर त्याच खोलीत आहे, समई चालते का?

पाना_आणि_वॉशर

नाही चालत. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणारं सगळं भडकवतो, आणि तो पदर, चादर, केस, मिशीत मुरून राहतो. नळी काढल्यावरही काही मिनिटं. गॅसची शेगडी, समई, निरांजन, उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल : दहा फूट लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. विडी पेशंटनेच नाही, खोलीत कुणीही नाही. नाकपुड्या कोरड्या पडतात म्हणून व्हॅसलिन, बाम, तूप लावतात, तेही नको, पाण्याचा बेस असलेलं जेल लावा. मशीन चालू ठेवून नळी पलंगावर टाकून बाथरूमला जाऊ नका, दोन मिनिटांत गादी ऑक्सिजनने भरते. बटण बंद करून जा.

आरती करायची तर निरांजन दुसऱ्या खोलीत ओवाळा आणि विझल्यावर पेशंटपुढे आणा. आरती घ्यायला हात पुढे येतो तेव्हा बाहीवरून नळी गेलेली असते.